आईचं नाव, मोठ्यानं

वजीह आमच्या ऑफिसातला सगळ्यात बडबड्या माणूस, पण काम मन लावून करायचा. ज्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, त्यांना तो वापरता यावा अशी मदत तयार करणं, हे त्याचं काम. कैरोतल्या एका इस्पितळात मोफत ऑपरेशनच्या अर्जाचं यंत्र बसणार होतं. निरक्षरांची अडचण नको म्हणून वजीहनं त्याला बोलतं केलं. ते मोठ्यानं विचारायचं, आपण मोठ्यानं सांगायचं. रिकाम्या खोलीत आम्ही दोघांनी ते तपासलं आणि एकमेकांची पाठ थोपटली.

त्याच्या इमारतीचे दरवान शाझली काका, हृदयाची झडप निकामी झालेले. वजीहनंच त्यांना पाठवलं.

"काका, यंत्र विचारेल, तुम्ही फक्त उत्तरं द्या."

"म्हणजे माझ्या बायकोसारखंच की, इंजिनिअरसाहेब!"

चार महिन्यांनी अर्ज बाद झाल्याचं कळलं. वजीह चिडून सगळ्या नोंदी उघडून बसला आणि हसत सुटला. "अरे बघ, नऊशे बाप्यांच्या आया, सगळ्या फातिमा!"

मला हसू आलं नाही. शाळेत मी वर्गात याच्या आईचं नाव घेतलं म्हणून यानं माझा दात पाडला होता. चारचौघांत आईचं नाव निघणं आमच्यात शिवीहून वाईट. आणि याचं यंत्र भरल्या दालनात तेच विचारत होतं. लाजेनं जो तो सर्रास आढळणारं नाव ठोकून देत होता, आणि नाव कागदाशी जुळलं नाही, की अर्ज बाद. मी तोंडातली फट दाखवली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

वजीहनं जाऊन विचारलं, "काका, खरं नाव का नाही सांगितलंत?"

"मागं साठ माणसं उभी होती, साहेब. तुम्ही सांगितलं असतं?" मग त्यांनी त्याच्या कानात खरं नाव सांगितलं. "मान खाली घालू नका. यंत्राला आई नसते, त्याला काय कळणार?"

नव्या अर्जाला सात महिन्यांची रांग होती. काका पाचव्या महिन्यात गेले.

मुलगे आखातात, माती द्यायला इमारतीतले लोक आणि आम्ही दोघंच. कबरीवर मात्र दुआ म्हणणारे शेख मृताला आईच्याच नावानं हाक मारतात. त्यांनी विचारलं, "आईचं नाव?" कुणालाच ठाऊक नव्हतं. वजीह पुढे झाला आणि त्यांच्या कानाशी लागला.

"नफूसाच्या मुला, शाझली!" शेखनी सगळ्यांसमोर मोठ्यानं हाक मारली.

वजीह मातीतच बसला. "जुळलं रे," एवढंच म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला.