कडुबामामांची दमाची परीक्षा

छावणीतले कडुबामामा दिवसा पंक्चर काढतात आणि संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवतात. दोन्हीकडं त्यांची तपासणी एकच: हवा टिकते का बघायचं. पोरगी डोक्यावर पडली, की तोंडावर पाणी मारायचं आणि एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणायला लावायचं. वीस आकडे मोजेपर्यंत दम टिकला, की पोरगी ठणठणीत. या शोधाबद्दल आजवर कुणी पदक दिलं नाही, ही त्यांची जुनी तक्रार.

यंदा बारा वर्षांनी मामांचा संघ अंतिम सामन्याला पोचला. समोर शहागंज. सहा मिनिटं उरलेली, संघ तीन गुणांनी मागं. मामांची भाची सुलेखा चढाईला गेली, पकडीत सापडली, तरी झेपावून मधली रेषा गाठत तिनं एक गुण आणला; पण पडताना तिचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं.

मामांनी पाणी मारलं, परीक्षा घेतली. सुलेखानं पंचवीसपर्यंत दम टिकवला. मामा खुशीत पंचांकडं बघू लागले.

“मामा, टॉस कुणी जिंकला?” तिनं विचारलं.

“आपण. जा आता.”

ती दोन पावलं गेली आणि वळली. “मामा, टॉस कुणी जिंकला?”

“आत्ता सांगितलं की.”

“कधी?”

दम छातीत असतो आणि मार डोक्याला लागलाय, हे मामांना इतक्या वर्षांत प्रथमच सुचलं.

“बस इथं.”

“मला काय नाय झालं. दोनच गुण पायजेत.”

“मामा, परीक्षा पास झाली ना ती?” कप्तान राजनंदिनी कळवळली.

“व्हय. परीक्षाच नापास झाली.”

संघ तीन गुणांनी हरला. बक्षीस समारंभाला न थांबता मामांनी सुलेखाला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला.

“मेंदूला हादरा बसलाय,” डॉक्टरीण म्हणाल्या. “शुद्ध हरपली नाही म्हणजे ठीक, असं नसतं. एकटं सोडू नका. ओकारी झाली, डोकेदुखी वाढली, गुंगी आली, तर लगेच आणा. त्रास पूर्ण थांबल्यावर आधी चालणं, मग पळणं, मग सराव. पकड सगळ्यात शेवटी, तीही मी सांगेन तेव्हा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बहिणीच्या, मुक्ताबाईच्या घरी हजर.

“संध्याकाळी सरावाला येते,” सुलेखा म्हणाली.

“डोकं दुखतंय?”

“जरासं.”

“मग नाय.” मामा जवळ बसले. “टॉस कुणी जिंकला व्हता?”

“आपण.”

“आन् सामना?”

“शहागंजनं. तुमच्यापायी.”

मामांचा चेहरा असा फुलला, की चहा घेऊन आलेल्या मुक्ताबाईनं भावाचंच डोकं चाचपून पाहिलं.