सुचिताचं सपाट भिंग

माझी भाची सुचिता पुण्यात भिंग बनवते असं चिखलीत कुणाला सांगितलं की लोक चष्म्याचा नंबर कमी होईल का विचारतात. मी सांगणं सोडून दिलं आहे. चिखलीतच माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, निवडून आलेल्यांचे आणि पडलेल्यांचेही फ्लेक्स मी छापतो, त्यामुळे अर्धवट माहितीवर मोठ्या अक्षरांत बोलायची मला सवय आहे. सुचिताला ती नाही. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांनी स्वयंपाक येतो का विचारलं, तर म्हणाली, "पिठलं येते. भाकर फाटते." पाहुणे परत आले नाहीत. माझ्या बहिणीनं रागानं तिच्याशी अबोला धरला, तर पोरीला वाटलं घरात शांतता आहे, अभ्यास करून घ्यावा.

तिचं भिंग साबुदाण्याच्या दाण्याएवढं आणि सपाट. नेहमीच्या भिंगासारखा काचेला फुगवटा नाही. त्याऐवजी काचेवर डोळ्यांना न दिसणारे लाखो खांब, गोल गोल रांगांत उभे. कुठला खांब जाड ठेवायचा, कुठला बारीक, हे सुचिता ठरवते. त्या खांबांतून जाताना प्रकाश कुठे रेंगाळतो, कुठे पटकन सुटतो, आणि सगळा मिळून एका ठिपक्यावर येतो. एका रंगाचं हे काम पुष्कळांनी केलंय म्हणे. भानगड आहे ती सगळे रंग एकाच ठिपक्यावर आणण्यात. निळ्याला जो खांब मानवतो तो लालला मानवत नाही. मी म्हटलं, त्यापेक्षा आपले भाऊबंद एका बैठकीला आणून दाखव. ती म्हणाली की भाऊबंदांची तरंगलांबी ठाऊक नाही, त्यामुळे सांगता येणार नाही.

मागच्या अक्षय तृतीयेला ती गावी आली ती काम घेऊनच. आठवड्यानं पुण्यात तिच्या संस्थेत बऱ्याच जणांच्या भिंगांतून एकाची निवड व्हायची होती. तोवर तिचं भिंग फक्त कॉम्प्युटरवर होतं. निवड झाली तर ते खरोखर काचेवर कोरलं जाणार होतं, नाहीतर पुन्हा वर्षभर थांबा. पोरीनं ऐन उमेदीची वर्षं या एका साबुदाण्यावर घातली होती, आणि ती निवड तिला किती हवी होती हे मला तिच्या न जेवण्यावरून कळत होतं. निवडीत दाखवायला म्हणून भिंगाच्या चित्राचा मोठा फ्लेक्स छापून मी गावी घेऊन गेलो. काळ्यावर खांबांची रिंगणं, आणि मधे प्रकाश कसा पडतो ते दाखवलेलं. निळा आणि हिरवा अगदी मध्यावर. लाल मात्र मध्यावर न बसता भोवती पसरलेला. गुंडाळीच्या सुरकुत्या जाव्यात म्हणून मी फ्लेक्स खळ्यात जमिनीवर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली.

संध्याकाळी पुण्याहून तिच्या गाईड मॅडमचा फोन आला. लाल काढून टाक, निळा-हिरवा छान आहे, तेवढाच दाखव, लालचं कुणी विचारणार नाही. सुचितानं फ्लेक्सभोवती एक फेरी मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली की दुसरा फ्लेक्स छापा, लाल नको. मला हायसं वाटलं. नवरदेवाच्या गालावरचा मस काढायला जितका वेळ लागतो तितकंच ते काम होतं.

आता आमच्या गावची रीत सांगतो. भेंडवळची घटमांडणी मोठी, तिचीच धाकटी नक्कल आमच्याकडे पुंजाजी आबा करतात. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी आमच्या खळ्यामागच्या वावरात ते गोल आखतात, कडेनं धान्यं मांडतात, मधे पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवून वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे बघायचं. जे धान्य जागेवरून बाहेर सरकलं त्या पिकाचं यंदा खरं नाही.

पहाटे घट बघायला निघालेली माणसं आमच्या खळ्यावरूनच गेली. गोल दिसला, रिंगणं दिसली, ठिपके दिसले, आणि चार ढेकळं दिसली. आणखी काय हवं? किसनराव, जे लग्नपत्रिकेवरूनही भविष्य सांगतात, ते तिथेच बसले. पुण्याच्या पोरीनं कॉम्प्युटरची मांडणी केली, असं त्यांनी जाहीर केलं. लाल म्हणजे तूर, आणि तूर साफ बाहेर फेकली गेली आहे. मी तोंडात ब्रश घालून पोचलो तेव्हा अर्धा गाव गोळा झाला होता आणि दोघांनी चपला काढल्या होत्या.

तिकडे आबांच्या घटात तूर जिथल्या तिथे होती. लोक त्यांना म्हणाले, तुमचं बदलून घ्या. आबा भांडले नाहीत. येऊन फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि सुचिताला विचारलं, "बाई, हा लाल खरंच बाहीर पडला का?"

निव्वळ चित्र आहे म्हणाली असती तर विषय मिटला असता. मी मागून तशा खुणाही करत होतो.

"पडला आबा," ती म्हणाली. "पण पावसानं नाई पाडला, मी पाडला. माह्यं भिंग चुकून राह्यलं."

"मंग थे सर्वाईले सांग. नाईतर यंदा गावात कोणी तूर पेरणार नाई."

तिनं मारुतीच्या पारावर उभं राहून सांगितलं. लाल किती चुकतो, का चुकतो, रंगांना वेगवेगळं थोपवायला खांब उंच लागतात आणि तिचे तेवढे उंच नाहीत, हे सगळं. कुणाला एक अक्षर कळलं नाही. पण एवढी शिकलेली पोरगी चारचौघांत माझं चुकलं म्हणते, हे सगळ्यांना कळलं. आपल्याला आधीपासूनच शंका होती, असं किसनराव म्हणाले.

मी दुसरा फ्लेक्स छापायला चिखलीला निघालो, तर ती जीपपाशी आली आणि छापू नका म्हणाली. माझं डोकं फिरलं. गावात तुरीचा प्रश्न होता, पुण्यात तुझ्या आयुष्याचा आहे, दोन्ही सारखं होत नाही, असं मी जीपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"मामा, किसनरावाले सांगतलं का लाल चुकला," ती म्हणाली. "आता तिथल्या लोकाईले कसं सांगू, का लाल नव्हताच?"

मी आवाज आणखी चढवला. ती ढेकळांचे डाग पडलेला तोच फ्लेक्स गुंडाळून पुण्याला घेऊन गेली.

निवड झाली त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी फोन उचलला. नंबर दुसऱ्याला गेला होता. त्याच्या चित्रात निळा आणि हिरवाच होता. मॅडम, निवड करणारे आणि किसनराव, सगळ्यांसाठी माझ्याकडे शिव्या तयार होत्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पोरगी रडते आहे. तिला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्याएवढा जीव मी कुणाला लावला नाही, पण मला ते नीट बोलता येत नाही, म्हणून हुकूम सोडला. "बॅग भर अन् घरी ये. लय झालं."

तिनं नाक ओढलं.

"नाई मामा," ती म्हणाली. "लाल अजून बाहीरच हाय. त्याले तसा टाकून कशी येऊ?"