भिंतीवरचं बारसं

गिरिजाबाईचा मला फार राग यायचा. मंठ्यात लग्नसराई आली की घराघरांच्या दर्शनी भिंतीवर गणपती, हत्ती, भालदार-चोपदार काढायला लोकांना तीच लागायची, आणि काम झालं की तिचं ताट बाहेर अंगणात यायचं. तृतीयपंथी म्हणून उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. तिचा हात मात्र पाहिजे. अशांची लग्नं ही बया जीव ओतून रंगवायची. मी शेजारीण, बोलून बोलून थकले. "जाऊ दे," म्हणायची आणि नीळ कालवायला बसायची.

१९९८ साली तिने स्वतःच्या खोलीची भिंत रंगवायला घेतली. आष्टीहून आलेली बेबीनंदा तेव्हा तिच्याजवळ राहायची. हिचा जीव बाईचा, पण घरच्यांच्या तोंडी ती अजून धर्मराजच होती. हिचं रीतसर बारसं करायचं, असं गिरिजाबाईने मनावर घेतलं.

"एवढ्या घोडीचं बारसं कुणी पाहिलंय?" मी वैतागून विचारलं.

"न्हाई पाह्यलं, म्हणून तर आधी काढून दाखवून राह्यले," ती म्हणाली.

भिंतीवर पाटावर बसलेली बेबीनंदा उमटली, तिच्या कानाशी वाकलेली आत्या आणि आत्याच्या पाठीत धपाटे घालणाऱ्या बायका. शेजारी तीच बेबीनंदा पिकल्या केसांची, ओसरीवर गहू निवडत बसलेली. असं निवांत म्हातारपण मी त्यांच्यात कुणाचं पाहिलं नव्हतं. बेबीनंदा त्या चित्रासमोरून हलायची नाही. तिला एकच हवं होतं, की सख्ख्या आत्याने, द्वारकाबाईने, कानात तिचं नाव घ्यावं.

निरोपावर निरोप धाडले तेव्हा कुठे द्वारकाबाई आली. घुगऱ्या शिजल्या होत्या. पलीकडच्या खोलीतली सरदारबी आणि मी धपाटे घालायला तिच्या मागे उभ्या राहिलो. आत्या वाकली, कानात "कुर्रर्र" केलं आणि आम्हाला ऐकू येईल असं म्हणाली, "धर्मराज."

आमचे हात वरच राहिले.

"आवं, हे काय केलं तुम्ही?" गिरिजाबाई कडाडली.

"मंग काय करू? दुसरं नाव ठेवलं म्हंजे पहिलं लेकरू मेलं. त्याला मीच पाळण्यात घातल्तं, मीच नाव ठेवल्तं. मला न्हाई व्हत हे."

डोळे पुसत ती उठली आणि घुगऱ्यांना हात न लावता स्टँडकडे चालती झाली. तिला दुष्टही म्हणता येईना, याचा मला आणखीच संताप आला.

गिरिजाबाईने तणतणत चुन्याची बादली ओढली. "असलं खोटं चित्र ठेवून करायचं काय?" कुंचला बुडवून ती भिंतीवरच्या आत्याच्या तोंडावर फिरवणार, तोच बेबीनंदाने तिचं मनगट धरलं.

"राहू द्या, माय," ती म्हणाली. "ही आत्या माझं नाव बराबर घेऊन राह्यली."