फिल्टरमागचं फडकं

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीचं इंजिन कुणामुळे गेलं, हे आमच्या चर्चमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना चुकीचं ठाऊक आहे.

ती गाडी भावाने इथे परदेशात, स्कारबरोतल्या आपल्या गराजमध्ये सुट्या भागांतून जोडली होती. सांगाडा आणि पत्रा खोक्यांतून आला, इंजिन भंगारातल्या एका जुन्या गाडीचं. तीन हिवाळे तो त्यात बुडालेला. २०१६ च्या उन्हाळ्यात सगळं झालं, फक्त एअर फिल्टर राहिला. इंजिनाला हवा देणारे दोन कार्ब्युरेटर बाजूला इतके बाहेर आलेले, की बॉनेट बसेना. उपाय एकच: बॉनेटच्या कुशीला भोक पाडायचं आणि फिल्टर बाहेर, उघड्यावर लावायचा. पत्रा कापायला त्याचा हात धजेना. मी एकतीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलेली. म्हणाला, "दादा, हे तूच कर."

शनिवारी मी एकट्याने कापलं. पत्र्याचा कीस आत जाऊ नये म्हणून दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडांत फडकी कोंबली. आमच्या शॉपमध्ये नियम होता: सकाळी सहा फडकी मिळत, सुटताना सहा परत द्यायची, कारण एखादं मशीनमध्ये राहिलं तर अनर्थ. हा नियम मी भावाला इतक्यांदा ऐकवला होता, की तो मला फडक्यांचा फौजदार म्हणायचा. त्या दिवशीही मी जुन्या गंजीची सहा फडकी मोजून नेली होती. कडा घासून झाल्या तेवढ्यात भावजयीने जेवायला हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि मी घाईने फिल्टर चढवून बोल्ट आवळले. फडकी परत मोजली नाहीत, तशीच पिशवीत कोंबून घरी नेली.

तेव्हाच इंजिन सुरू करून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण आमच्यात नवी गाडी फादरनी आशीर्वाद दिल्याशिवाय चालवत नाहीत. वसईला नवी होडीसुद्धा त्याशिवाय पाण्यात उतरत नाही. भाऊ त्याच्याही पुढे गेला. इंजिन त्याने आधी चालवून पाहिलं होतं, पण पुरी झालेली गाडी आशीर्वादानंतरच सुरू होईल, असं त्याने ठरवलं. रविवारी ती ट्रेलरवरून चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये आली.

मिस्सा सुटल्यावर सगळे गोल उभे राहिले. मोठा भाऊ म्हणून पेटती मेणबत्ती माझ्या हातात. वारा होता, म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा. फादर प्रार्थना म्हणू लागले. बाहेर आलेला तो फिल्टर मी न्याहाळत होतो, स्वतःच्या कामावर खूश, आणि सकाळी टाय बांधताना खिडकीतून दिसलेली दोरी आठवली. बायकोने धुऊन वाळत घातलेली फडकी. मी ती आता मनातल्या मनात मोजली. पाच.

फादर पवित्र पाणी शिंपडत होते. पुढे होऊन "थांब" म्हणायचं, एवढंच होतं. माझ्यापुढे कुणी नव्हतं, तरी हलता येईना. बायकोने कोपर धरलेलं, पाठीशी सगळी ओळखीची माणसं. भाऊ आत बसला आणि मोठ्याने म्हणाला, "हे फिल्टरचं काम आमच्या दादाचं. कंपनीतसुद्धा असं होत नाही." टाळ्या पडल्या. सहावं फडकं गराजमध्ये पडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि मेणबत्ती सांभाळत राहिलो.

इंजिन खोकत सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, गळा साफ करतंय. भावाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि सगळं बंद.

सोमवारी त्याने इंजिन उघडलं. व्हॉल्व्ह वाकलेले, त्यांत गंजीच्या चिंध्या. मी शेजारीच होतो. तो म्हणाला, "शुक्रवारी मी कार्ब्युरेटर पुसले होते, तेव्हाचं असणार. तुझी तर मोजलेली असतात." मग म्हणाला, "माफ कर दादा, तुझं एवढं काम फुकट घालवलं."

मी म्हणालो, "असू दे."

गाडी त्याने तशीच विकून टाकली. पुढची तीन वर्षं चर्चच्या प्रत्येक पिकनिकला कुणीतरी त्याला विचारायचं, फडकं मोजलंस का. तो हसायचा. मीही हसायचो, न हसावं तर लोक वळून बघतील. पिकनिकला जाणं टाळलं तर तो स्वतः न्यायला यायचा.

गेल्या महिन्यात त्याच्या बेसमेंटमध्ये बसून मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "इंजिनाचं सोड. मी माफी मागितली, ती तू घेतलीस. ती परत कर."

कशी करू, विचारलं. "जिथे सगळे मला हसतात तिथे कर," तो म्हणाला. म्हणून चर्चच्या वार्षिक अंकासाठी हे लिहायला घेतलं. झालं तेव्हा त्याला फोन केला. "फडकं तुझं होतं, हे लिहिलंस का?" त्याने विचारलं. लिहिलं, म्हणालो.

"आणि मी किल्ली फिरवायच्या आधी तुला कळलं होतं, ते?"

ते मी गाळलं होतं. त्याने फोन ठेवला. दोरीवरच्या पाच फडक्यांचा मजकूर मी त्यानंतर घातला आहे.