मिस्त्रीमावशीचा तास

आमच्या मुलींच्या शाळेत बाहेरचा सुतार पाऊल टाकत नाही. ज्या वर्गात मोडलं, त्या वर्गानं जोडायचं, हा पहिल्या मोठ्या बाईंचा नियम. मुलीनं कुणाची वाट बघत बसायचं नाही, एवढंच त्यांचं शिक्षणशास्त्र. हा नियम तीस वर्षं जिनं टिकवला ती पगारपत्रकावर शिपाई आहे. आम्ही तिला मिस्त्रीमावशी म्हणतो. मी इथं गणित शिकवते, पण खिळा सरळ ठोकायला मला तिनंच शिकवलं, मी आठवीत असताना.

तिचे वडील सुतार. त्यांनी रंधा दिला मुलाच्या हातात, हिला नुसतं फळी धरायला उभं केलं. धरता धरता पोरगी सगळं शिकली. भाऊ पुढे कापडाच्या दुकानात बसला, आता बोला! ही शाळेत झाडू मारायला आली आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाईंची डुगडुगणारी खुर्ची कुणालाही न विचारता नीट केली. बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला आठवीचा सुतारकामाचा तास देऊन टाकला.

तिच्या तासाला रडलेलं चालायचं, "मला जमणार नाही" म्हटलेलं चालायचं नाही. "ते कळलं गं. कुठं अडलं ते दाखव," म्हणायची.

गेल्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीचा अंगठा करवतीनं कापला. तीन टाके. मुलगी नेमकी संस्थेच्या अध्यक्षांची नात. झालं! अध्यक्षसाहेबांनी तास बंद केला, कार्यशाळेच्या दाराला कडी बसवून कुलूप घालायचं फर्मान काढलं, आणि मावशीपुढे कागद ठेवला: हत्यारं मी माझ्या मनानं दिली, माझी चूक झाली. सही केली तर नोकरी, नाहीतर सोमवारपासून घरी.

"चूक कसली?" मावशी म्हणाली. "करवत धरायला शिकवलं. लागलं तेव्हा पट्टी बांधली, दवाखान्यात नेलं. सही करणार नाही."

पेन्शनला दोन वर्षं उरलेली बाई! "मावशी, करून टाक ना सही," मी म्हणाले. आज सांगायलाही लाज वाटते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा आठवीत गेले.

सोमवारी साहेब तोच कागद आणि भलंमोठं कुलूप घेऊन हजर. कडी बसलेली होती. बाहेरचा सुतार येत नाही, म्हणून ते काम नियमाप्रमाणे आठवीकडेच गेलं होतं. पोरींनी कडी अगदी चोख बसवली होती, पण आतून. आणि अख्खी आठवी आत होती.

साहेबांनी दार ढकललं. तसूभर हललं नाही.

"काम पक्कं झालंय," मावशी म्हणाली. तिला हसू आवरेना.

"उघडा म्हणतो ना!" साहेब गरजले.

"आजोबा," आतून नातीचा आवाज आला, "अंगठा माझा आहे. मावशींचा तो कागद दाराखालून सरकवा. मी फाडते, मग कडी काढते."

साहेब लालबुंद झाले. मावशीकडे वळले. "तुम्ही सांगा तिला!"

"मी नाही सांगणार, साहेब," मावशी म्हणाली.

व्हरांड्यात बाकी सगळ्या वर्गांच्या मुली उभ्या होत्या. शेवटी साहेब गुडघे धरून खाली वाकायला लागले. तोल जाऊ नये म्हणून मावशीनं त्यांना दंडाला धरलं. कागद मात्र त्यांना स्वतःच सरकवायला लावला.