माळावरची बाळंतीण

माझ्या हातात माईक दिला की तो परत घ्यायला दोन माणसं लागतात, असं आमच्या कन्हेरी गावात म्हणतात. खोटं नाही. लग्न असो, सोसायटीची सभा असो, नाहीतर दशक्रिया, डाळिंबाची फवारणी अर्धवट टाकून मी दोन शब्द बोलायला हजर. म्हणून माळरानं आणि तिथले लांडगे वाचवायचा सरकारी आराखडा लोकांना पटवून द्यायला बारामतीच्या वनखात्याच्या साहेबांनी माणूस शोधला, तेव्हा तो मीच निघालो. गळ्यात ओळखपत्र आलं. ते घालून मी डेअरीला दूध घालायलाही गेलो. बायको म्हणाली, "झोपताना तरी काढा. सपनात लांडगं काय कार्ड मागत न्हाईत."

गाव मिळालं इंदापूर तालुक्यातलं, नेमकं माझ्या थोरल्या बहिणीचं. म्हटलं, घरचंच मैदान. पण गावामागच्या माळावर, ओघळीच्या कडेला लांडगिणीचं बीळ होतं, आणि अक्काची सगळ्यात दुभती शेळी दिवाळीनंतर त्या लांडगिणीनं नेली होती. अक्का सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती की बिळाच्या तोंडाशी उसाचं पाचट पेटवायचं, धूर आत सोडायचा, विषय संपला. गावातल्या बायका सरपंचाचं ऐकत नाहीत, अक्काचं ऐकतात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत माळ आहे तसा राखायचा, बिळाला हात लावायचा नाही, असा ठराव करून घ्यायचा होता. अक्का वळली नाही तर ठरावही नाही आणि बीळही नाही.

त्याआधी मी एक सभा घेतली, जंगी. बारामतीहून फ्लेक्स करून आणला. त्यावर माझा फोटो ऐसपैस, लांडग्याचा जरा लहान. फ्लेक्सवाल्यानं लांडगा कुठून उतरवला होता देव जाणे, तो बर्फात उभा होता आणि अंगावर हे एवढे केस. शाल, नारळ, शाल, नारळ करत सत्कारांतच निम्मी सभा गेली. मग मी निसर्गाच्या समतोलाला हात घातला. अक्का मागून म्हणाली, "ह्याच्या केसात माज्या दोन वाकळा भरत्याल. आपल्या माळावर ह्यो उन्हानंच मरंल." सगळा मंडप हसला. मी चिडून आवाज चढवला, तर माईक शिट्ट्या मारायला लागला.

रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "तुज्या डाळिंबाला जाळी हाय, कुंपण हाय. माज्या शेळ्यांस्नी काय, तुजं भाषण?"

मी चिडलो की अक्कल आधी पळते आणि जीभ एकटी मागं राहते. म्हणालो, "ग्रामसभेपर्यंत तुझ्या शेळ्या मी राखतो. एक जरी गेली तर खुशाल धूर कर. न्हाय गेली तर आमच्या बाजूनं बोलायचं." अक्कानं काठी माझ्या हातात दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेळीला भाषण कळत नाही. पहिल्याच दिवशी कळप एकाच्या मक्यात घुसला. तो माणूस माझं ओळखपत्र वाचून म्हणाला, "लांडगं वाचवा म्हणताय, आन् शेळ्या माज्या मकंत?" मी त्याला आराखडा समजावत होतो तोवर एका शेळीनं कार्डाची फीत चावून तोडली.

एका दुपारी अक्का माझी भाकरी घेऊन आली, तेव्हा मी शेळ्यांसमोर उभा राहून ग्रामसभेच्या भाषणाची तालीम करत होतो. एकाएकी शेळ्या थबकल्या. ओघळीच्या काठावर, हाकेच्या अंतरावर लांडगीण उभी. मातकट रंगाची, बरगड्या वर आलेल्या. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. हातात काठी आहे हेही विसरलो.

अक्कानं दगड उचलला. तिचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. लांडगिणीची आचळं दुधानं लोंबत होती.

"वली बाळंतीण हाय ही," अक्का हळू आवाजात म्हणाली. तिनं दगड खाली टाकला. लांडगीण वळली आणि ओघळीत उतरली.

सव्वीस जानेवारीपर्यंत एकही शेळी गेली नाही. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "भाऊ, दोन शब्द." मी उठलो, तर अक्कानं शर्टाला धरून खाली बसवलं. "माळावर बाळंतीण हाय," ती म्हणाली. "मी डोळ्यानं बघितली. सव्वा म्हयना बाळंतिणीला कुणी घरातनं हुसकत न्हाय. आन् धुरी द्यायची ती ओव्याची आसती, पाचटाची न्हाय." आधी बायकांचे हात वर गेले. मग आपापल्या बायकोकडं बघून पुरुषांचे गेले. ठराव झाला. बारामतीत साहेबांनी मला शाल घातली आणि हे तुमच्या वक्तृत्वाचं यश म्हणाले. मी मान खाली घातली आणि शाल नीट केली.

आठवडाभरानं दाजींचा फोन आला. लांडगिणीनं अक्काचं करडू नेलं होतं. मी मोटारसायकलीला किक मारली. आमची बोली ग्रामसभेपर्यंतचीच होती. आता तिला अडवायला माझ्याकडं काहीच नव्हतं, आणि वाटभर मला नुसता पाचटाचा धूर दिसत होता.

अक्का शेळ्यांच्या छपरात होती. छपरावर माझाच फ्लेक्स अंथरला होता, मी उलटा हसत होतो. ती करडाच्या आईची धार काढायला बसली होती. शेळी पान्हा सोडत नव्हती, सारखी दाराकडं बघून ओरडत होती.

"अक्का, सरकार भरपाई..." मी सुरू केलं.

"गप." तिनं शेळीच्या पाठीवरनं हात फिरवला. तिचे डोळे भरले होते. "ही बी बाळंतीणच हाय की रं."

मी हळूच विचारलं, "मग, पाचट?"

"गावाम्होरं बोललेय न्हवं मी," ती म्हणाली. "सव्वा म्हयना सरू दे. मग बघू. तवर शेळ्या तू राख."

कोपऱ्यातली काठी घेतली आणि शेळ्या सोडल्या. करडाची आई चार पावलं यायची आणि माघारी वळून ओरडायची. मी तिच्यासाठी थांबत थांबत, तोंड मिटून माळाकडं चालत राहिलो.