स्कार्फच्या आत

पेणच्या ज्या गणपतीच्या कारखान्यात मी देवाच्या डोळ्यांची आखणी करते, तिथं रंगाच्या फवाऱ्यामुळे आम्ही बाया डोक्याला स्कार्फ बांधून बसतो. माझ्या स्कार्फच्या आत, दोन्ही कानांत, मोबाईलच्या इअरफोनची बटणं असायची. हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

सुरुवात सोबतीसाठी झाली. घरी बोलायला कुणी नव्हतं. मग मालिका, व्हिडिओ, कुणाची कुणाशी भांडणं, काहीही चालायचं. चार्जिंग संपलं की आखणीत लक्ष लागायचं नाही. बुबुळ बिघडलं की मालक म्हणायचे, "आज देव तिरळा बघतोय कुणाकडं?" सगळ्या हसायच्या. मीही.

शेजारी माझ्याच वयाची एक बाई दागिन्यांना सोनेरी लावायची. रोज कासूहून गाडीनं यायची. एका उन्हाळ्यात ती खूप बोलू लागली. आखणी करताना मान वर करायची नसते, त्यामुळे माझा चेहरा तिला दिसत नव्हता. ती कोपरानं ढोसायची तेव्हा मी एक बटण जरा सैल करायचे.

"ऐकतेस ना गो?"

"व्हय."

आणि बटण परत आत. एकदा व्हिडिओतल्या कसल्याशा विनोदाला मी हसले. ती बोलता बोलता थांबली, एवढं आठवतं. पुढं तिच्या नवऱ्याला रोह्याकडच्या कंपनीत काम मिळालं, ती तिथल्याच अष्टमी गावात राहायला गेली. तिची जागा रिकामी झाली तेव्हा कळलं, मला तिच्या आवाजाची सवय होती. शब्दांची नाही, नुसत्या आवाजाची.

गेल्या माघात तिनं हळदीकुंकवाला बोलावलं. बाकीच्या बाया गेल्यावर मला थांबवून घेतलं. चहा ठेवला.

"तुझे उपकार हायत गो माझ्यावर," ती म्हणाली. "तेव्हा जीव नकोसा झालेला. घरात कुणाला सांगायची सोय नाय. तुला सगळं सांगितलं आन् तू कुणाजवळ एक अक्षर काढलं नाय. त्या दिवशी तू हसलीस बघ, तेव्हा वाटलं, एवढं काय आभाळ कोसळलेलं नाय."

गप्प बसले असते तर चाललं असतं. तिला कधी कळलंही नसतं. पण तिनं माझ्या बशीत आणखी एक तिळाचा लाडू ठेवला, आणि तो माझ्यानं उचलवेना.

"मी ऐकलंच नव्हतं," मी म्हणाले. "कानात मोबाईल चालू असायचा. हसले तेही त्यालाच."

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, ओटा पुसला, पुसलेला परत पुसला.

"मग मी बोलत कुणाशी होते गो?"

उरलेला चहा तिनं मला दिला, स्वतः घेतला नाही. नदीवरच्या पुलापर्यंत सोडायला मात्र आली.

आता कारखान्यात माझे कान मोकळे असतात. शेजारी नवीन मुलगी बसते, तिच्या स्कार्फच्या आतून बारीक गाणं ऐकू येतं. मी तिला काही म्हणत नाही. महिन्यातून एकदा मी तिला फोन करते.

"कशी हायस?"

"बरी हाय."

मग ती काही बोलत नाही आणि ठेवतही नाही. पलीकडं तिच्या घरातली भांडी वाजतात, कुकरची शिट्टी होते. मी फोन कानाला घट्ट धरून बसते.